नवी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा शिकताना: हात बसलेल्या प्रोग्रॅमरसाठी मार्गदर्शक

जावात सात-आठ वर्षं काढलेल्या माणसाला एके दिवशी सांगितलं जातं की पुढचं काम कोटलिनमध्ये आहे. सी शार्पमध्ये मुरलेल्या बाईंसमोर पायथनचा प्रकल्प येतो. कोल्हापुरात हे आता नेहमीचं झालं आहे. इथल्या छोट्या कंपन्या दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या यांची सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं सांभाळतात. घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारेही बरेच आहेत. भाषा बदलायची वेळ दोघांवरही येते, आणि हाताशी असतात ते बहुतेक अगदी नवशिक्यांसाठी केलेले व्हिडिओ. त्यात पहिले काही तास व्हेरिएबल, इफ आणि लूप यांतच जातात. अनुभवी माणूस कंटाळून भराभर पुढे सरकवतो, आणि त्या घाईत नेमकं जे ऐकायला हवं होतं तेही निसटतं.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे. नव्या भाषेचं व्याकरण आठवडाभरात जमतं, खरी अडचण तिथे नसतेच. अडचण अशी की जुन्या भाषेतल्या क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस या सगळ्या गोष्टी नव्या भाषेतही त्याच नावांनी असतात, पण त्यांची वागणूक जरा जरा वेगळी असते. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं कंपाइल होतं, चालतं, डेमोलाही नीट दिसतं, आणि एखाद्या कोपऱ्यात चुकीचं उत्तर देतं. म्हणून तुमचा वेळ सारखेपणावर घालवू नका. फरक कुठे आहेत ते आधी हुडकून काढा आणि तिथेच मुक्काम करा.

आधी आपली नवी भाषा कुठल्या घराण्यातली आहे तेवढं बघून घ्या. क्लास आणि इन्हेरिटन्स (वारसा) यांची सुरुवात ओस्लोत डाल आणि न्यूगार्ड यांनी केलेल्या सिम्युला ६७ मध्ये झाली. तिच्यावरून बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून सी भाषेवर क्लास चढवायला घेतले, त्यातून सी प्लस प्लस आली, आणि पुढे १९९५ ला जावा, २००० नंतर सी शार्प. या घराण्यात टाइप आधी ठरतात आणि कंपायलर ते तपासतो. दुसरं घराणं १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्मॉलटॉकचं. तिथे ऑब्जेक्टला निरोप पाठवायचा, त्याला तो कळला तर काम होतं. रुबीवर या विचाराची दाट छाया आहे. पायथन १९९१ ची, तिची वाट स्वतंत्र आहे, पण टाइप चालताना बघण्याच्या बाबतीत ती या दुसऱ्या बाजूला पडते. एका घराण्यातून दुसऱ्यात जाणार असाल तर वेळ जास्त ठेवा. जावातून कोटलिन म्हणजे शेजारच्या गल्लीत जाणं, जावातून पायथन म्हणजे गाव बदलणं.

पायरी १: पाठ असलेलं काम निवडा

सरावाला कामांची यादी ठेवणारं ॲप करू नका. त्यात ना पैसे असतात, ना तारखांचा गुंता, ना मध्येच बदलणारे नियम. ज्या कामाचे नियम तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील असं काम घ्या. मग भाषा तेवढी नवी उरते आणि चूक झाली की ती भाषेची आहे की कामाची, हा गोंधळ होत नाही.

आपल्या जिल्ह्यात यासाठी दूध संस्थेइतकं चांगलं काम दुसरं नाही. गावोगाव संस्था आहेत, आणि घरात कुणी ना कुणी दूध घातलेलंच असतं. सकाळ-संध्याकाळ संकलन. प्रत्येक उत्पादकाचं दूध किती लिटर, म्हशीचं की गाईचं, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती. त्यावरून दरपत्रकातला दर. दहा दिवसांनी बिल. बिलातून पशुखाद्याचे पैसे, घेतलेली उचल, पतसंस्थेचा हप्ता यांची कपात. दर मध्येच बदलला तर बदलाच्या तारखेपासूनच्या नोंदींना नवा दर, आधीच्यांना जुना. दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावर दर फरक.

हे सगळं कोड न लिहिता आधी वहीत मराठीत लिहून काढा. दीड-दोन पानं होतील. मग त्यातलं पहिलं छोटं काम घ्या: एका उत्पादकाच्या एका वेळच्या दुधाचे पैसे. दुसरं: दहा दिवसांची बेरीज. तिसरं: कपाती. दर बदल आणि दर फरक मुद्दाम शेवटी ठेवा. ते आत बसवताना तुमच्या रचनेचं खरं रूप कळेल. पडदे, डेटाबेस, वेब यातलं काहीही सध्या नको. नोंदी साध्या फाइलमधून वाचल्या तरी चालतं.

फाउंड्रीच्या सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर वितळवण्याची नोंद, पॅटर्न आणि नाकारलेले कास्टिंग घ्या. पतसंस्थेवर काम असेल तर कर्जखातं. काम तुमचं हवं, एवढंच.

पायरी २: अवजारं, एका संध्याकाळीत

यात फार रमू नका. कंपायलर किंवा इंटरप्रिटर, बिल्डचं अवजार, कोड आपोआप नीट मांडणारं अवजार, चाचणीची लायब्ररी आणि डीबगर एवढं बसवा. एक चाचणी मुद्दाम नापास होऊ द्या, मग पास करा. डीबगर एका ओळीवर थांबवून बघा. हे तीन झालं की पायरी संपली.

आवृत्तीकडे मात्र नीट लक्ष द्या. जावावर शोधलं की अजून २०१४ च्या आठव्या आवृत्तीतली उत्तरं पहिल्यांदा येतात, आणि रेकॉर्ड, सील्ड क्लास यांसारख्या ज्या गोष्टींनी भाषेची लिहिण्याची पद्धत बदलली त्या नंतर आल्या. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्या काळची उत्तरं अजून फिरतात. सी प्लस प्लसमध्ये तर २०११ च्या आधीचं आणि नंतरचं लेखन दोन वेगळ्या भाषांसारखं दिसतं. जे वाचाल त्याची तारीख आधी बघायची सवय लावा.

पायरी ३: भाषेला विचारायचे प्रश्न

लेखातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे आणि वेळही इथेच द्यायचा आहे. खालच्या प्रत्येक प्रश्नासाठी दूध संस्थेच्या कामात एक छोटी चाचणी लिहा. चालवण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहा, मगच चालवा. जिथे अंदाज चुकतो तिथे थांबा. तेवढीच जागा तुम्हाला शिकायची आहे, बाकीचं तुम्हाला येतंच.

दोन गोष्टी सारख्या कधी?

जावात दोन बरोबरची चिन्हं ऑब्जेक्टच्या बाबतीत 'तीच वस्तू आहे का' एवढंच विचारतात. आतला मजकूर सारखा आहे का हे बघायला इक्वल्स बोलवावं लागतं. कोटलिनमध्ये दोन चिन्हं म्हणजे थेट इक्वल्स, आणि तीच वस्तू आहे का हे विचारायला तीन चिन्हं. पायथनमध्ये दोन चिन्हं मजकुरासाठी, ओळखीसाठी 'इज'. जावात आणखी एक खड्डा आहे. इंटिजर ऑब्जेक्टमध्ये आपोआप गुंडाळलेल्या आकड्यांत -१२८ ते १२७ पर्यंतच्या वस्तू साठवून पुन्हा वापरल्या जातात. त्यामुळे दोन चिन्हांनी केलेली तुलना १२७ ला बरोबर उत्तर देते आणि १२८ ला चुकते. सभासद क्रमांक शंभरच्या आत असेपर्यंत चाचणी पास, गावात संस्था वाढली की घोळ.

आता पैशांकडे या. दशांशाचे पैसे साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये धरायचे नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून जावा-कोटलिनमध्ये तुम्ही बिगडेसिमल घेता. दरपत्रक हॅशमॅपमध्ये ठेवता, किल्ली म्हणजे फॅट. पत्रकात ६.५ आहे आणि मशीनकडून आलेला आकडा ६.५० आहे. दर सापडत नाही. कारण बिगडेसिमलचं इक्वल्स किमतीबरोबर दशांश स्थळंही तपासतं, त्याच्या लेखी ६.५ आणि ६.५० वेगळे. कम्पेअर-टू मात्र त्यांना सारखे म्हणतं. ट्रीमॅप कम्पेअर-टूनेच शोधतो, म्हणून तेच दरपत्रक त्यात ठेवलं की दर सापडतो. कोटलिनची दोन चिन्हं इक्वल्सच बोलावत असल्याने तिथेही उत्तर 'वेगळे' असंच येतं. पायथनच्या डेसिमलमध्ये आणि सी शार्पच्या डेसिमलमध्ये हे दोन आकडे सारखे आहेत. मला विचाराल तर फॅट दहापट करून पूर्णांकात ठेवा, ६.५ च्या जागी ६५, म्हणजे प्रश्नच मिटतो. पण आधी ही चाचणी स्वतः लिहून बघा, कारण तुमच्या भाषेत सारखेपणा कोण ठरवतं हे यातून पक्कं कळतं.

कोटलिनचा डेटा क्लास इक्वल्स आणि हॅशकोड स्वतः लिहून देतो. त्यात फक्त मुख्य कन्स्ट्रक्टरमधल्या गोष्टी धरल्या जातात. क्लासच्या अंगात नंतर जाहीर केलेलं क्षेत्र (फील्ड) तुलनेत येत नाही. संकलनाची वेळ, म्हणजे सकाळ की संध्याकाळ, तुम्ही अंगात टाकलीत तर एकाच दिवसाच्या, बाकी आकडे सारखे असलेल्या दोन नोंदी सारख्या ठरतील आणि सेटमध्ये टाकल्यावर एक गायब होईल.

नेमून देणं म्हणजे नक्कल की तीच वस्तू?

सी प्लस प्लसमध्ये नोंद दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की नक्कल होते. जावात आणि पायथनमध्ये दोन्ही नावं एकाच वस्तूला चिकटतात. सी शार्पमध्ये ते क्लास आहे की स्ट्रक्ट यावर ठरतं. सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लास किमतीने (बाय व्हॅल्यू) घेणाऱ्या फंक्शनला वारस क्लासची वस्तू दिलीत तर वारसाचा भाग कापूनच आत जातो, आणि कंपायलर तक्रारही करत नाही.

जावाकडून पायथनकडे येणाऱ्यांनी एक गोष्ट जपून बघावी. जावात क्लासच्या अंगात क्षेत्र लिहिलं की ते प्रत्येक वस्तूचं वेगळं असतं. पायथनमध्ये क्लासच्या अंगात रिकामी यादी लिहिलीत तर ती क्लासची होते, सगळ्यांची एकच. उत्पादक क्लासमध्ये नोंदींची यादी अशी लिहिली की सगळ्या गावाचं दूध एकाच यादीत जमा होतं. ती यादी इनिट या पद्धतीत (मेथडमध्ये), सेल्फवर बनवायची. याचंच भावंड म्हणजे फंक्शनच्या ठरावीक मूल्यात दिलेली रिकामी यादी. ती फंक्शन जाहीर होताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक बोलावण्यात तीच हातात येते.

कोटलिनमध्ये 'व्हॅल' म्हणजे न बदलणारं, असा समज सर्रास असतो. न बदलणारं असतं ते नाव. त्या नावामागची यादी बदलणारी असेल तर ती खुशाल बदलते. डेटा क्लासचं कॉपीही वरवरचं असतं, आतली यादी दोघांत सामायिकच राहते.

नाही, हे कसं सांगायचं?

एसएनएफचं मशीन बंद होतं, त्या सकाळी आकडा आलाच नाही. हा शून्य नव्हे. शून्य एसएनएफ धरून दर काढला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' ही खूण, संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी आणली आणि २००९ मध्ये तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कोटलिन, स्विफ्ट यांनी 'कदाचित नसेल' हे टाइपमध्येच लिहायला लावलं. सी शार्पने २०१९ पासून संदर्भ टाइपसाठी तशी सोय दिली, पण तिथे ती इशाऱ्याच्या रूपात येते.

कोटलिनमध्ये आलेला जावावाला पहिल्या आठवड्यात काय करतो, तर कंपायलर अडवायला लागला की दोन उद्गारचिन्हं लावून मोकळा होतो. म्हणजे 'हे नल नाही, माझ्यावर विश्वास ठेव'. असं प्रत्येक ठिकाण शोधा आणि विचारा, इथे आकडा नसेल तर संस्था काय करते? काही ठिकाणी आधीच्या दिवसाचा आकडा धरतात, काही ठिकाणी नोंद थांबवतात. तो नियम कोडमध्ये लिहा. आणि हे लक्षात असू द्या की जावात लिहिलेल्या लायब्ररीकडून कोटलिनमध्ये येणाऱ्या वस्तूवर नलची खूण असेलच असं नाही. त्या सीमेवर कंपायलर गप्प राहतो, तपासणी तुम्हालाच करावी लागते.

वारसा किती आणि कुणाला?

म्हशीचं दूध आणि गाईचं दूध. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड शिकलेला प्रत्येक जण इथे दूध नावाचा मूळ क्लास आणि त्याचे दोन वारस लिहितो. करून बघा, मग दर बदलाचा नियम घाला. दोन्ही दुधांत वेगळा असतो तो फक्त दर काढायचा नियम, आणि तो नियम जातीसोबत तारखेप्रमाणेही बदलतो. म्हणजे नोंद ही साधी नोंद राहायला हवी, तिच्यात जात ही एक खूण, आणि दरपत्रक ही वेगळी वस्तू, जी नोंद आणि तारीख घेऊन दर सांगते. म्हशीसाठी एक पत्रक, गाईसाठी एक, बदलाच्या तारखेनंतर आणखी दोन. वारसा लागलाच नाही.

भाषेकडे बघताना विचारायचं ते असं: न सांगता काय होतं? जावात क्लास आणि पद्धती मुळात खुल्या, कुणीही वारस येऊन पद्धत बदलू शकतो. कोटलिनमध्ये मुळात बंद, ओपन लिहिलं तरच खुल्या. सी प्लस प्लस आणि सी शार्पमध्ये पद्धतीला व्हर्च्युअल म्हणावं लागतं. या निवडीतून भाषा घडवणाऱ्यांचं मत कळतं. कोटलिनवाल्यांना वाटतं की वारसा हा ठरवून दिलेला हक्क असावा, आणि मला ते पटतं.

कन्स्ट्रक्टरमधून अशी बदलता येणारी पद्धत बोलावली तर काय होतं याची चाचणी आवर्जून करा. जावा-कोटलिनमध्ये वारसाची पद्धत चालते, पण वारसाची क्षेत्रं तोवर भरलेली नसतात. कोटलिनमध्ये तर कधीच नल नसणार असं जाहीर केलेलं क्षेत्र त्या क्षणी नल दिसू शकतं. सी प्लस प्लसमध्ये त्याच ठिकाणी मूळ क्लासची पद्धत चालते. तीन भाषा, लेखन जवळजवळ सारखं, वागणूक वेगळी.

कपातींसाठी मात्र बंदिस्त वारसा छान बसतो. पशुखाद्य, उचल, हप्ता, एवढेच प्रकार. कोटलिनचा सील्ड क्लास किंवा जावा १७ पासूनचा सील्ड प्रकार (स्विचमधली ही तपासणी जावा २१ पासून) वापरला की उद्या विम्याची कपात वाढली तर जिथे जिथे प्रकारांप्रमाणे वाटा फोडल्या आहेत तिथे कंपायलर बोट दाखवतो. त्यासाठी 'इतर' ही फांदी लिहू नका, नाहीतर नवी कपात तिथे निमूट गिळली जाते. पायथनमध्ये ही हमी भाषा देत नाही, बाहेरचा टाइप तपासनीस लावावा लागतो.

उरलेले प्रश्न थोडक्यात. फाइल किंवा वजनकाट्याचा पोर्ट बंद कोण करतं? सी प्लस प्लसमध्ये डिस्ट्रक्टर, वस्तूची कक्षा संपली की लगेच. जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस, सी शार्पमध्ये यूजिंग, पायथनमध्ये विथ, कोटलिनमध्ये यूज नावाचं फंक्शन. गार्बेज कलेक्टर स्मृती आवरतो, पोर्ट बंद करायला त्याच्या भरवशावर राहू नका. चुका कशा कळतात? जावा काही अपवाद (एक्सेप्शन) पकडायला किंवा जाहीर करायला लावते, कोटलिन आणि सी शार्प लावत नाहीत, म्हणजे कुठे काय फुटू शकतं हे तुम्हालाच वाचून ठेवावं लागतं. आणि खासगी म्हणजे किती खासगी? पायथनमध्ये नावाआधीची खालची रेघ ही विनंती आहे, कुलूप नव्हे. काही न लिहिलं तर जावात पॅकेजपुरतं दिसतं, कोटलिनमध्ये सगळ्यांना.

पायरी ४: एकदा लिहा, मग पुन्हा लिहा

पहिलं लेखन तुम्ही जुन्या भाषेच्या धाटणीतच करणार. करू द्या, त्यात अडकून राहू नका. चाचण्या पास झाल्या की तो कोड बाजूला ठेवा आणि त्याच चाचण्यांवर दुसऱ्यांदा लिहा, या वेळी नव्या भाषेच्या रीतीने. शिकणं घडतं ते या दुसऱ्या लेखनात, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात, कारण 'चालतंय की'.

जुनी धाटणी ओळखायच्या खुणा सांगतो. पायथनमध्ये प्रत्येक क्षेत्रासाठी गेट आणि सेट लिहिलेले दिसले तर तो जावाचा हात. तिथे क्षेत्र सरळ उघडं ठेवतात, पुढे नियम लागला तर प्रॉपर्टी करतात, आणि वापरणाऱ्यांचा कोड बदलावा लागत नाही. कोटलिनमध्ये युटिल नावाचा क्लास आणि त्यात सगळी स्थिर (स्टॅटिक) फंक्शनं, हाही जावाचाच हात. तिथे फंक्शन क्लासबाहेर सुटं राहू शकतं. बिल्डर नावाचा क्लास दिसला तर नाव देऊन पाठवलेले आणि ठरावीक मूल्य असलेले पॅरामीटर बहुतेक वेळा पुरतात. एकच पद्धत असलेला इंटरफेस आणि त्याचे चार क्लास दिसले तर तिथे नुसतं फंक्शन पाठवता येतं का बघा. दरपत्रक असंच एका फंक्शनात मावतं का, करून बघा. माझ्या मते मावतं, पण लागू व्हायची तारीख सोबत ठेवायची म्हणून छोटा क्लास बरा पडतो.

जावाचा कोड आपोआप कोटलिन करून देणारी सोय एडिटरमध्ये असते. ती दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचायला चांगली आहे. तिच्यातून आलेलं तसंच ठेवलंत तर हाती येतं ते कोटलिनचे कपडे घातलेलं जावा. एआय सहायकाचंही तसंच. 'हा कोड त्या भाषेत कर' म्हटलं की तो तुमची जुनी रचनाच नव्या भाषेत उतरवून देतो. त्यापेक्षा तुमचं दुसरं लेखन त्याला दाखवा आणि या भाषेत रुळलेला माणूस इथे काय बदलेल, असं विचारा. मिळालेलं उत्तर चाचणी लिहून पडताळा.

पायरी ५: सोबतची लायब्ररी वाचा

भाषा कळली तरी लायब्ररीतली नावं फसवतात. उत्तम उदाहरण म्हणजे पूर्णांकात आणणं, आणि बिलात ते पावलोपावली लागतं. २.५ ला जावाचं मॅथ राउंड ३ म्हणतं. पायथन ३ चं राउंड २ म्हणतं, कारण ते बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. सी शार्पचं मॅथ राउंडही काही न सांगितल्यास २ देतं. कोटलिनमध्ये तर दोन्ही सापडतात, राउंड २ देतं आणि राउंड-टू-इंट ३. यातलं कुठलंच चूक नाही. पण संस्था पन्नास पैशांचं काय करते हे सचिवांना विचारून ठरवायचं असतं, भाषेवर सोडायचं नसतं. राउंडिंगची रीत प्रत्येक वेळी नाव घेऊन सांगा. शिवाय ती प्रत्येक नोंदीवर करायची की दहा दिवसांच्या बेरजेवर, हेही लिहून ठेवा, दोन्हींत काही पैशांचा फरक पडतो आणि शेतकरी तो विचारतो.

ऋण आकड्यांचा भागाकार असाच. -७ ला २ ने भागून पूर्णांक घेतला तर जावात -३, पायथनच्या दोन तिरक्या रेघांनी -४.

रोज अर्धा तास लायब्ररीचा मूळ कोड वाचा. कोटलिनची, पायथनची, जावाची लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. यादीवरची फंक्शनं कशी लिहिली आहेत, नावं कशी देतात, चुका कशा कळवतात, हे तिथे दिसतं. भाषेचा अधिकृत शैलीचा दस्तऐवज एकदा अथपासून इतिपर्यंत वाचा. पायथनसाठी तो पेप ८, २००१ पासूनचा. कोटलिनचाही आहे. तासाभराचं वाचन आहे आणि पुढचे कित्येक वाद त्याने वाचतात.

पायरी ६: कामात आणताना

कोल्हापुरातल्या टीम छोट्या असतात. तीन-चार जणांत नवी भाषा येणारे तुम्ही एकटेच असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे तुमचं लेखन तपासणारं कुणी जवळ नसतं, आणि चुकीच्या सवयी बिनविरोध पक्क्या होतात. यावर उपाय शोधावाच लागतो. राजारामपुरीत, उद्यमनगरात दुसऱ्या कंपनीत ती भाषा वापरणारं कुणी ओळखीचं असेल तर दूध संस्थेचा सरावाचा कोड घेऊन त्यांच्याकडे जा. त्यात कंपनीचं काही गुपित नसतं, म्हणून तो निर्धास्त दाखवता येतो. आपली माणसं असं विचारलं की वेळ काढून बसतात, हा माझा अनुभव आहे. पुण्यातल्या किंवा बाहेरच्या मित्राला पाठवलात तर सगळा कोड नको, एक फाइल आणि तीन प्रश्न पाठवा. उत्तर लवकर येतं.

प्रत्यक्ष प्रकल्पात शिरताना बिलाच्या हिशेबाला पहिल्या दिवशी हात लावू नका. आधी चाचण्या नव्या भाषेत लिहा. जावा आणि कोटलिन एकाच प्रकल्पात शेजारी राहतात, त्यामुळे चालू जावा कोडवर कोटलिनमधून चाचण्या लिहिणं ही उत्तम सुरुवात आहे. ग्राहकाकडे काही जात नाही आणि रोज लिहिणं होतं. मग छोटी अवजारं घ्या, फाइल तपासणारी, अहवाल काढणारी. त्यानंतर एखादा नवा, कडेला असलेला भाग. जुना, पैशांचा, वर्षानुवर्षं बरोबर चालणारा भाग केवळ नव्या भाषेत हवा म्हणून पुन्हा लिहू नका. त्यात बदल करायची खरी गरज आली की तेव्हा बघा.

किती दिवस लागतील, हे सगळे विचारतात. शेजारच्या भाषेत जात असाल आणि संध्याकाळचा तास-दीड तास नियमित देत असाल तर महिन्याभरात कामाचं लिहिता येतं, असा माझा अंदाज. घराणं बदलत असाल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. साहेबांना तारीख सांगताना पायरी ४ चं दुसरं लेखन त्यात मोजून सांगा.

शेवटचं काम म्हणजे पायरी ३ ची वही. अंदाज काय होता, उत्तर काय आलं आणि का, अशा ज्या चाचण्या तुम्ही लिहिल्यात त्या प्रकल्पातच एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येकीवर मराठीत एक-दोन ओळींचं स्पष्टीकरण देऊन. भाषेची आवृत्ती बदलली की त्या पुन्हा चालवा. टीममधला पुढचा माणूस याच भाषेकडे वळेल तेव्हा त्याला आधी उत्तरं झाकून त्याचे अंदाज लिहायला सांगा, मग फोल्डर उघडून द्या.